डावीकडे वळणारी सात वेटोळी

दुकानात सगळे त्याला डावरा म्हणत. साठी उलटल्यावर तोंडावर तरी काका म्हणू लागले, पाठीमागे डावराच. जुन्या वस्तूंच्या त्या दुकानात, मागच्या खोलीतल्या खिडकीशी बसून त्याने चाळीस वर्षं एकच काम केलं. मोडलेलं जोडायचं. फुलदाण्यांचे कान, पुतळ्यांची नाकं, तलवारींच्या मुठी. दुसऱ्यांची नाकं सरळ करता करता आपली पाठ वाकडी झाली, असं तो म्हणे, आणि त्यात विनोद थोडा, पाठच जास्त असे.

त्याला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याचे दोन नियम होते. दुरुस्ती चार पावलांवरून दिसू नये, पण हातात घेतल्यावर दिसलीच पाहिजे. आणि जे चिकटवलं ते पुन्हा सोडवता आलं पाहिजे. दुसरा नियम डावऱ्याने जन्मभर पाळला. पहिला एकदाच मोडला.

तेव्हा तो पंचविशीत होता, नुकतंच लग्न झालं होतं आणि अंगात रग होती. तीन हजार वर्षांपूर्वीचा एक कांस्याचा खंजीर दुरुस्तीला आला. पात्यावर ओळीने कोरलेली वेटोळी, पण टोकाकडचा भाग कधीच झडून गेलेला. डावऱ्याने राळेत धातूची पूड कालवून टोक घडवलं, त्यावर हिरवट गंज चढवला आणि सुईने सात वेटोळी कोरली. म्हाताऱ्याने खंजीर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि नियमाची आठवण काही दिली नाही, कारण त्याला सांधा सापडलाच नाही. डावरा बायकोला मुद्दाम दुकानाच्या काचेपाशी घेऊन आला. तिने बराच वेळ पाहून विचारलं, यातलं तुमचं काय? तो आठवडाभर हवेत होता. चूक लक्षात आली ती खंजीर विकला गेल्यावर, जुना फोटो हाती लागला तेव्हा. मूळची सगळी वेटोळी उजवीकडे वळत होती. त्याची सात डावीकडे. डावखुऱ्या हाताने आपलंच खरं केलं होतं.

आता त्याच्या निवृत्तीला दोन दिवस उरले असताना तोच खंजीर संग्राहकांसाठी भरवलेल्या विक्रीत परत आला. दुकानाच्या मालकीणबाईंनी माहितीपत्रकात लिहिलं होतं: ‘टोकाकडची सात वेटोळी डावीकडे वळतात. प्राचीन कारागिराची ही धिटाई अन्य कोणत्याही शस्त्रावर आढळलेली नाही. वस्तू अखंड, दुरुस्ती नाही.’ डावऱ्याने ते उभ्याउभ्या तीनदा वाचलं. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. चाळीस वर्षांत एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि केलं तेही मेलेल्या माणसाच्या नावावर. बोलावं का, हा प्रश्न त्याने बाजूला सारला. गप्प बसायला काही करावं लागत नाही, आणि त्याला आता काहीही करायचा कंटाळा आला होता.

पण दुसऱ्या दिवशी निवृत्त जज्जसाहेब आले. जुनं गिऱ्हाईक, फक्त पाती जमवायचे. ते खंजीर घेऊन थेट मागच्या खोलीत शिरले, पाठोपाठ मालकीणबाई.

“काका, या सात वेटोळ्यांसाठी घेतोय,” ते म्हणाले. “तुमच्या हाताखालून इतकं गेलंय. अख्खं आहे ना हे?”

त्यांनी मालकीणबाईंना विचारलं असतं तर डावरा मान खाली घालून बसला असता. त्याला विचारलं, तिथे पंचाईत झाली.

“नाही साहेब. टोक माझं आहे.”

मालकीणबाई हसल्या. काका थकलेत, त्यांची गल्लत होतेय, असं काहीसं म्हणाल्या. जज्जसाहेबांनी जन्मभराच्या सवयीने पुरावा मागितला. डावऱ्याने पत्र्याच्या तुकड्यावर सुई टेकवली, पण हात असा कापला की वेटोळं सोडाच, धड रेघही उमटेना. मालकीणबाईंचा जीव भांड्यात पडला.

मग त्याने काडीला कापूस गुंडाळला, राळ विरघळवणाऱ्या ॲसिटोनमध्ये बुडवला आणि शेवटच्या वेटोळ्यावर धरला. धरूनच राहिला. कापूस वाळला. पुन्हा बुडवला आणि या वेळी घासला. जुनी राळ मऊ पडली, कापूस हिरवा झाला आणि वेटोळ्याच्या जागी गुळगुळीत खळगा उरला.

जज्जसाहेबांनी चष्मा लावून उरलेली सहा पाहिली.

“सुंदर होतं,” ते म्हणाले. त्यांनी डावऱ्याचे आभार मानले आणि खंजीर न घेता गेले. मालकीणबाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी फक्त उरलेलं टोक संध्याकाळपर्यंत काढून टाकायला सांगितलं. मोडका म्हणूनच विकू म्हणाल्या. डावरा दुपारभर आपलं काम आपल्याच हाताने पुसत बसला.

घरी बायकोने विचारलं, एवढा का उतरलाय चेहरा? त्याने बूटही न काढता सगळं सांगितलं. आयुष्यात एकच काम धड झालं होतं, म्हणाला, आणि ते माझं आहे हे ते पुसेपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं.

“मला माहीत होतं की,” ती म्हणाली. “तेव्हाच, काचेतून.”

“कसं?”

तिने फोनजवळची वही त्याच्यापुढे सरकवली. पेन चालतंय का बघायला तो पानाच्या कोपऱ्यात लग्नापासून नेहमी गिरगटायचा. पानोपानी वेटोळी होती, सगळी डावीकडे वळलेली.

“मग बोलली का नाहीस?”

“कुणाला दिसत नाही म्हणून तुम्ही इतके खूश होतात,” ती म्हणाली आणि त्याच्या बुटाची नाडी सोडायला खाली वाकली.