खुंटी तोडलेली कॅसेट

व्हीडिओ कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी खुंटी असायची. रेकॉर्डिंग झालं की ती तोडायची, म्हणजे वर चुकून दुसरं काही चढत नाही. मी ती आधीच तोडली. सील समजून! औषधाच्या बाटलीचं तोडतो ना, तसं. हसा, पोटभर हसा.

भुताखेतांचं म्हणाल तर मी अगदी कोरडी बाई. पळस्प्याला आमच्या घरामागे जी चिंच आहे, तिच्याबद्दल लोक काय काय सांगतात. मी त्याच चिंचेखाली सुकट वाळवते. एवढं सांगून ठेवते आणि मग लिहिते...

माझ्या सासूबाई धवलारीण, म्हणजे आमच्या आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या. धवला दोघींचा असतो. एक पुढे गाते, दुसरी मागून झील धरते. पुढे सासूबाई आणि झिलेला आमच्या मंजूआत्या, म्हणजे सासूबाईंची नणंद. आमच्या घराण्याचा धवला कुठे लिहिलेला नाही, तोंडातून तोंडात आलेला. तो मी पाठ करावा म्हणून सासूबाई मागे लागायच्या. पण मी पडले शिकलेली! त्यात धाकटे दीर आखातातून व्हीडिओ कॅमेरा घेऊन आलेले. मी म्हटलं, "आई, आता पाठ कशाला करायचं? टेपवर राहील की!"

"टेप येनार काय गो हलदीला गायाला?" त्या म्हणाल्या.

माझ्या नणंदेच्या हळदीसाठी कोरी कॅसेट आणायला मी ऐटीत पनवेलच्या बाजारात गेले. दुकानदाराने चार-पाच समोर मांडल्या. म्हणाला, "रेकॉर्डिंग जपून ठेवायचं असेल तर हाय ग्रेड घ्या, वहिनी. वेष्टन फाटलेली घेऊ नका. आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा. लाँग प्लेवर लावू नका, चित्र खराब येतं. आणि काम झालं की ही खुंटी तोडा." एवढ्या उपदेशातलं मी काय ऐकलं? खुंटी तोडा. आणि कॅसेट कशी निवडली? खोक्यावर सोनेरी पट्टा होता म्हणून!

हळदीत सासूबाई जीव ओतून गायल्या. कॅमेऱ्याचा लाल दिवा डोळा मिचकावत होता. आम्हाला वाटलं, चालू आहे. तो बिचारा बोंबलत होता की रेकॉर्डिंग होत नाहीये. नंतर टीव्हीवर लावलं तर नुसत्या मुंग्या. सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, पण पुन्हा गायल्या नाहीत. "लगीन नसताना धवला गायाचा नसतो." घरातलं पुढचं लग्न निघायच्या आत त्या गेल्या. मला येत होती ती फक्त पहिली ओळ.

आता यंदा माझ्या नातीचं, तन्वीचं लग्न ठरलं. ती हटून बसली. "आजी, डीजे असू दे, पण आधी पणजीचा धवला. आपलाच. बाहेरची बाई आणायची नाही." मंजूआत्यांना विचारलं, तर त्यांना झील तेवढी येते. पुढची बाजू त्यांनी कधी गायलीच नव्हती, आणि आता त्यांना दम लागतो. एका ओळीवर मुलीला हळद कशी लावायची? माझी झोप उडाली.

त्याच धांदलीत घरातल्या लग्नांच्या जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर घ्यायला मी आणि तन्वी स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. पिशवीत ती सोनेरी पट्ट्याचीही आली. मी दुकानदाराला म्हटलं, "ती कोरी आहे, बाजूला ठेव."

"खुंटी तुटलीय, आजी. म्हणजे आत काहीतरी असणार," म्हणत दुकानदाराने ती मशीनमध्ये सरकवली.

मुंग्या. नुसत्या मुंग्या. आणि मग... आवाज. सासूबाईंचा! खणखणीत. पहिल्या ओळीपासून आमचा धवला. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. धवल्यात नवरीचं नाव घालून गातात. मी वाट पाहत होते नणंदेच्या नावाची... आणि त्या गायल्या, "हलद लावा गो तन्वी बायला..."

तन्वीने माझा दंड असा धरला की वळ उठले. अहो, सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या मुलाचंसुद्धा लग्न झालं नव्हतं! तन्वी हे नाव सूनबाईने इंटरनेटवर शोधून ठेवलेलं.

धवला संपला. दुकानदाराने कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली. मुंग्या. पेनड्राइव्हवर पाहिलं, तिथेही मुंग्याच. त्याने चहा मागवला, पण त्याचा कप तसाच निवला. घरी मुलगा म्हणाला, "आई, तुला भास झाला." मग तन्वीला काय झालं? त्या दुकानदाराला काय झालं? कोणी सांगाल तर ऐकेन.

हळदीला मी एकटीच गायला उभी राहिले, मागे झिलेलाही कोणी नाही. एकदाच ऐकलेला धवला, पण एकही ओळ अडली नाही. माझी मीच चकित! शेवटी डोळे पुसत, थोडी फुशारतच, आत खाटेवर पडलेल्या मंजूआत्यांच्या पाया पडायला गेले. त्यांना आता दिसत नाही. माझा हात चाचपून त्या म्हणाल्या,

"झील बरी धरलीस गो पोरी. पन पुढं गात व्हती ती कोन?"