धावड्याची विहीर आणि बशीरचाचांचा होकार

माझी धाकटी बहीण मनीषा जमीन तपासते. कुठेही खोदण्याआधी खाली माती आहे, मुरूम आहे की खडक, ते शोधणं हे तिचं काम. दिवाळीनंतर म्हणाली, "ताई, धावड्याला चाललेय. येतेस?" लग्नांनंतर आम्ही दोघीच अशा कुठे गेलोच नव्हतो. मी लगेच पिशवी भरली.

जालन्याहून राजूर, पुढे भोकरदन, मग धावडा. कापसाच्या ट्रॅक्टरांमागून सावकाश जावं लागतं, घाई नको. भोकरदनलाच पोटभर खाऊन घ्या. आम्हाला तव्यावरची भाकरी, पिठलं आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा मिळाला. मुक्काम मात्र जालन्यातच ठेवा.

धावड्यात गावासाठी विहीर खोदायची होती. ठरलेली जागा गावातल्या रशीदाबींच्या घरामागेच होती. खडक लागला तर सुरुंग लावावे लागणार, आणि त्यांना धास्ती होती ती त्याचीच. त्यांचे शोहर बशीरचाचा तरुणपणी विहिरींवर कामाला होते. एकदा सुरुंग वेळेआधीच उडाला आणि त्यांचा जिवलग दोस्त डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून मोठा आवाज झाला की चाचांचे हातपाय कापतात.

"विहीर नको असं न्हाई म्हणत," रशीदाबी म्हणाल्या. "पाणी सगळ्यांनाच लागतं. पन यांचं काय करू?"

मनीषाने जमिनीत ओळीने छोटी यंत्रं खोचली. लोखंडी पत्र्यावर घण मारला की जमीन थरथरते. खडकातून ती थरथर जलद धावते, मुरुमातून हळू. यंत्रं तेच टिपतात. म्हणजे इथेही आवाज आलाच. चाचा ओसरीत बाजेवर मुठी आवळून बसले होते.

मनीषाने घण खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसली. "चाचा, तुम्ही म्हणाल तेव्हाच मारीन. नाही म्हणालात तर सामान उचलते."

यंत्रांना दुसरी थरथर लागू नये म्हणून आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी बंद केलेल्या. मग चाचांनी बायकोचा हात धरला.

"मारो, बेटी."

धप्प! ते दचकले, डोळे घट्ट मिटले, पण उठून गेले नाहीत. दर घावाआधी तिने विचारलं, दर वेळी त्यांनी मान हलवली. शेवटी तर तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

घरामागे थोड्याच खाली कठीण खडक निघाला. नाल्याकडे, शेजारच्या दत्तरावांच्या कपाशीत, खोलवर मुरूमच होता. "तिथे सुरुंग न लावता पोकलेनने खोदता येईल. पाणी किती लागेल, ते मात्र यातून कळत नाही," मनीषाने स्पष्ट सांगितलं.

दत्तराव भरल्या कपाशीकडे बघत राहिले. "बोंडं फुटून राह्यलीत ओ..." मग चाचांकडे वळले. "बशीर माझ्या वरातीत घोड्यापुढं नाचल्ता. घ्या मंग तिथंच."

परतताना गाडीत मी विचारलं, "दर घावाआधी इतकी का थांबलीस?"

"आईला शेवटच्या आजारपणात सुई टोचताना ती नर्स दर वेळी विचारायची, टोचू का? आई तेवढ्यानंच शांत व्हायची."

मला हे ठाऊकच नव्हतं. तेव्हा दवाखान्यात आईजवळ रात्रंदिवस मनीषाच होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. भोकरदन येईपर्यंत काढला नाही.

घरी येऊन काही आठवडे झाले, तेव्हा रशीदाबींचा फोन आला. मागे पोकलेनची घरघर ऐकू येत होती.

"चाचा कसे आहेत?" मी घाबरतच विचारलं.

"घरात न्हाईत ते," त्या हसल्या. "सकाळपासून नाल्यावर उभे राहून खोदकाम बघून राह्यले. जेवायला बोलावते, तर येतच न्हाईत."