शूटिंगात शिवलेला कावळा

त्या साली सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. ऊस उभ्याउभ्या वाळला, तोडायचं काय, डोंबल? दरसाल दसरा झाला की कोयते घेऊन निघणारं आमचं गाव घरात बसून एकमेकांवर खेकसत होतं. तेवढ्यात लढाईच्या पिक्चरवाले आले. आमच्या तळ्याचा भेगाळलेला तळ त्यांना रणांगण म्हणून पसंत पडला. दुष्काळ कुणाला आवडावा, बघा!

माणसं पुरवायचं काम दूध सोसायटीच्या चेअरमननं घेतलं. सोसायटीत दूध नव्हतंच. रिकाम्या कॅनांत त्यांनी रक्त कालवलं, म्हणजे काकवीत लाल रंग. आमचे मालक पहिल्याच दिवशी मेले. कपाळाला कापूस, त्यावर ते गोड रक्त, आणि उन्हात निपचित पडायचं. मुंग्या डसायच्या, माशा घोंगावायच्या. एका मुडद्यानं जरी खाजवलं तरी पिक्चरचा डायरेक्टर साहेब बोंबलायचा आणि सगळी लढाई पुन्हा पहिल्यापासून.

आम्ही बायका बांधावर बसून खिदळत होतो. तेवढ्यात कुठून तो मेला कावळा आला, मालकांच्या डोक्यावर बसला आणि त्यानं काकवीत चोच मारली. कॅमेरा चालू होता म्हणून मालक हलले नाहीत. माझं हसू तिथंच वाळलं.

आमच्याकडं जित्या माणसाला कावळा शिवला की मरणानं निरोप धाडला म्हणतात. त्यावर तोड एकच. माणूस गेला अशी खोटी बातमी जवळच्या नातलगाकडं पाठवायची. ते रडले की मरण फसतं, मग खरं सांगून टाकायचं. पण रडणाऱ्याला आधी कळता कामा नये.

"सिरसाळ्याला माणूस धाडा," सासूबाई म्हणाल्या. सिरसाळ्याला माझी नणंद दिलेली, मालकांच्या पाठची. तिला आठवा महिना सरत आलेला. आमच्याकडं बाळंतिणीला न्हाऊ घालायला पाणी कुठलं, म्हणून सासरीच थांबलेली.

"आत्याबाई, ती दोन जिवांची हाय. तिला काई झालं म्हंजी?" मी सासूबाईंना म्हटलं.

"अन् माझ्या लेकराला झालं म्हंजी?"

माझं कपाळ! इकडं नवरा, तिकडं ते पोटातलं. उद्यापर्यंत थांबा म्हणून मी कशीबशी त्यांची समजूत काढली.

दुसऱ्या दिवशी साहेबाला शिपायाच्या मुडद्यावर रडणारी बायको पाहिजे होती. मुंबईची नटी उन्हानं आडवी झालती. आमच्या बायका कुंकवाला भिऊन मागं सरल्या. मी पुढं झाले. म्हटलं, "मी रडते. पण माझ्याच मालकांवर रडणार." आणि सासूबाईंना म्हटलं, "मी हितं रडते, सिरसाळ्याला कुणी जायाचं न्हाई."

"तुला ठावं हाय त्यो जित्ता हाय. असल्या रडण्याचा काय उपेग?"

मलाही वाटलं, सोंगच करायचं आहे. पण जवळ बसले, ते माखलेलं तोंड पाहिलं आणि ऊर फुटला. मला ठाऊक होतं हो, तरी फुटला. आरडतओरडत काय काय बोलले, माझं मला आठवत नाही. तेवढ्यात मुडद्यानं माझा हात धरला. "रडू नगं की गं, हाय मी," मालक पुटपुटले.

"कट!" साहेब कडाडला. पुन्हा घेतलं, तर मुडद्याच्या डोळ्यांतून पाणी. साहेबानं हात टेकले आणि मालकांच्या जागी दुसरा गडी झोपवला. मग मला कुठलं रडू येतंय!

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "ऱ्हाऊ दे सिरसाळा," म्हणाल्या. घरी जाताना मात्र पुटपुटल्या, "ठावं असून रडलेलं चालतं का न्हाई, देव जाणे."

झालं! त्या एका वाक्यानं माझा जीव थाऱ्यावर राहिना. मालक विहिरीतला गाळ काढायला उतरले की मी काठावर हजर. झोपले की नाकाशी बोट धरून बघायची. "झोपू दी की बाई," ते वैतागायचे. पत्र्यावर कावळा बसला तरी मी दगड घेऊन धावायची. लोक हसायचे, हसोत मेले.

नणंदेला मुलगी झाली. आम्ही बारशाला गेलो, तिथं सासूबाईंनी ही सगळी हकिकत तिला सांगितली. मला वाटलं, हसेल. ती माझ्यावरच उसळली.

"वहिनी, मला काऊन कळवलं न्हाई? माझ्या भावासाठी रडायचा मान माझा व्हता!"

"अगं, तुझ्या पोटात लेकरू..."

"त्या लेकराचा मामा हाय त्यो!"

पोरगी माझ्या मांडीवर टाकली, भावाच्या गळ्यात पडली आणि अशी हंबरडा फोडून रडली की शेजारपाजारचे धावत आले, कोण गेलं म्हणून विचारू लागले. मालक बिचारे ओशाळून सगळ्यांना सांगत होते, "कुणी न्हाई गेलं, मी जित्ता हाय, जित्ता." कुणीतरी तिला आवरायला निघालं.

"रडू द्या तिला," सासूबाई म्हणाल्या.

त्या रात्री मी मालकांच्या नाकाशी बोट धरलं नाही.