शेवटच्या बाकावरची जनता

आमच्या गावचा एक गृहस्थ रोज इस्लामपूरच्या कोर्टात जाऊन शेवटच्या बाकावर बसतो. त्याचा स्वतःचा एकही दावा नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा त्याने अजून उतरवलेला नाही. कोर्टात कोण काय बोललं, ते संध्याकाळी चहाच्या गाड्यावर तो गावाला जसंच्या तसं सांगतो.

"तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?" मी एकदा विचारलं.

"आवं ताई, कोर्टाचं दार सगळ्यांस्नी उघडं असतंय. कुणी बसलंच न्हाई तर उघडं ठिवून उपेग काय?"

पुढे सासरच्या विहिरीत माझा वाटा आहे की नाही, या माझ्या दाव्यात माझ्या दिराची साक्ष होती. त्याच्या वकिलांनी घरगुती बाब म्हणून दार लावून घ्यायची विनंती केली. शिपाई लगेच उठला, तशी शेवटच्या बाकावरच्या या गृहस्थाने पुढे होऊन दाराच्या फटीत आपली चप्पल सरकवली.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"जनता हाय, साहेब."

"एकटेच?"

"बाकीची जेवायला गेल्यात."

न्यायाधीशांनी विनंती फेटाळली. जनता पुन्हा बाकावर जाऊन बसली. दीर पिंजऱ्यात उभा राहिला, त्या काळ्या चष्म्याकडे बघत राहिला आणि त्याने कपाळ पुसलं.

"वहिनीचा वाटा हाय," तो शेवटी म्हणाला. "पहिल्यापासनं हाय."

आभार मानायला मी मागच्या बाकापाशी गेले. तो हलेना, म्हणून खांदा हलवला. चष्म्याआडून तो दचकून जागा झाला.

"ताई, काय म्हणाला वो तुमचा दीर? गाड्यावर सांगाय पायजे."