ओडेटचं गोल डोकं

पोर्ट ऑफ स्पेनच्या बेलमाँट वस्तीत एर्नेस्टीन टँटीच्या, म्हणजे एर्नेस्टीन मावशीच्या, ओसरीवर शनिवारी बसायला जागा मिळत नसे. शेगडीत लोखंडी फणी तापवायची, केसांना व्हॅसलीन चोपडायचं आणि कितीही दाट कुरळे केस असले तरी ते मुळापासून ओढून सुतासारखे सरळ करायचे, ही तिची कला. गल्लीतल्या निम्म्या नवऱ्या मुली तिच्या हाताखालून चर्चमध्ये गेलेल्या.

सत्तर सालचा कार्निव्हल सरला आणि शहरातली तरुण पोरं मुठी उंचावत, ‘पॉवर!’ अशा घोषणा देत रस्त्यावर आली. काळ्या माणसाला बँकेत मानाची नोकरी हवी आणि आरशातलं आपलं रूप आपल्याला आवडायला हवं, असं त्यांचं म्हणणं. टँटीला बँकेचं पटलं. रूपाचं मात्र जड गेलं, कारण पोरी केस आहेत तसे कुरळे, डोक्याभोवती गोल वाढवू लागल्या आणि तिच्याकडे यायच्याच थांबल्या. तेही तिनं सोसलं असतं, पण तिनं लहानाची मोठी केलेली भाची ओडेटही एके दिवशी म्हणाली, "टँटी, मी आता फणी लावून घेणार नाही."

"मग काय, डोक्यावर झुडूप घेऊन नोकरी मागणार?"

"झुडपासकट घेतील तर घेतील!"

टँटीनं अबोला धरला. शनिवारी ओडेट तिच्या गुडघ्यांशी बसायची आणि मान खाली असली की मनातलं सगळं बोलायची. आता ती कशाला बसेल?

पुढच्या मोर्चाच्या सकाळी ओडेटनं निळ्या साबणानं खसाखसा केस धुतले. मुळाशी छान वळले, पण टोकं तशीच लोंबत राहिली. कुंपणापलीकडून बॉइस शिंपी ओरडला, "काय गं, मोर्चाला निघालीस की फरशी पुसायला?"

ओडेट रडवेली झाली. "टँटी, हे उभे का राहत नाहीत?"

टँटीला राहवलं नाही. "इतकी वर्षं भाजलेत मी, डूडू बाळा. भाजलेलं टोक परत वळत नाही. कापावंच लागेल."

"तू कापशील?"

"मग काय बॉइसकडे पाठवू? बाही समजून कान कापील तो! बस इथं."

ओडेट बसली. कात्री चालू लागली तशी तिची जीभही सैल झाली. लेनॉक्स नावाचा एक उंच मुलगा दर मोर्चात तिच्याच शेजारी चालतो, हेही निघालं. टँटी हुं-हुं करत, मागे सरून, डोळे बारीक करून डोकं नारळासारखं गोल करत राहिली. ओडेटला बोलवायला आलेल्या मैत्रिणींनी ते पाहिलं आणि ओसरीवर पुन्हा रांग लागली.

दुपारी मोर्चा कोपऱ्यावरून निघाला, तेव्हा टँटी ॲप्रनवरच तिथं उभी होती. गोल डोकी डौलात पुढं गेली. मग ओडेट दिसली आणि तिच्याशेजारी एक उंच मुलगा, केस एका बाजूला चेपलेले. टँटी सरळ गर्दीत शिरली नि तिनं त्याची बाही धरली.

"तूच ना रे लेनॉक्स? असल्या डोक्यानं माझ्या पोरीशेजारी चालतोस?"

मागची सगळी रांग थांबली. ओडेटनं तोंड झाकलं. लेनॉक्सनं घाबरून मूठ वर केली. "पॉवर, टँटी!"

"पॉवर नंतर," म्हणत टँटीनं ॲप्रनच्या खिशातून कात्री काढली. "आधी मान खाली कर."