धुळाआबा आणि नातीचा अंगठा

कवठे महांकाळच्या अलीकडे, फाट्यापासून दीड मैल आत, धुळाआबाची वस्ती आहे. चाळीस मेंढ्या, दोन एकर शाळू, पत्र्याच्या दोन खोल्या, आणि आबाचा एक हातगुण, ज्याच्यापायी तीन गावची माणसं त्याला मोटारसायकलवर घालून घेऊन जात. आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावून द्यावं तर आबानंच. जिचं पिल्लू मेलंय अशी मेंढी हेरायची, त्या मेलेल्या पिल्लाचं कातडं पोरक्याच्या अंगावर घालायचं, मेंढीला वास घेऊ द्यायचा आणि ती चाटायला लागेपर्यंत श्वास धरून बसायचं. मेंढीचा ओठ वर करून वय सांगण्यातही आबाचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन दाती म्हटलं की दोन दाती. आधार कार्डात चूक निघेल, आबाच्या बोलण्यात नाही.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात एक पोरकं कोकरू साडेचार वर्षं अंगठा चोखत होतं.

प्रांजल वर्षाची होती तेव्हा तिची आई काविळीनं गेली. बाप रविराज कुपवाडात लेथवर कामाला. पोर वस्तीवर आबाकडं आणि आजी बयाबाईकडं वाढली. उजवा अंगठा तोंडात आणि डाव्या हातात आबाच्या धोतराचा सोगा, एवढं मिळालं की तिला जगात दुसरं काही लागत नसे. मग रविराजनं दुसरं लग्न केलं. नवी सून अंकिता वाईट नव्हती. पण एका लग्नात तिच्या मावश्यांनी साडेपाच वर्षांच्या पोरीच्या तोंडातला अंगठा बघून पदराआड हसून घेतलं, ते तिच्या मनाला लागलं. रविराजनं फर्मान काढलं, "आबा, आधी हिचा अंगठा सुटू द्या. मग जूनमधी कुपवाडच्या शाळंत घालतो."

अट पोरीला घातली होती. मनावर घेतली आबानं, तीही उलट्या बाजूनं.

बयाबाई रोज सकाळ-दुपार कडुलिंबाचा पाला वाटून अंगठ्याला चोपडायची. आबा "चल, कोकरं मोजू" म्हणून पोरीला मेंढ्यांच्या वाड्यामागं न्यायचा आणि डोणीतल्या पाण्यानं अंगठा साबण लावून धुवायचा. मग म्हणायचा, "आता चोख गं माजे बाई."

"आवं, ह्या पोरीला कडू लागतच न्हाई का?" बयाबाई विचारायची.

"तुज्या हातचं कालवण खाऊन जीभ मेली आसंल तिची."

अंगठा होता तोवर प्रांजल वस्तीवर होती. इतका साधा हिशोब होता, आणि आबाला त्यात पाप दिसत नव्हतं.

एप्रिलात रविराजनं तिला सांगलीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. आबाही हट्टानं गेला. बाईंनी पोरीला खुर्चीत बसवलं, कागदाची एक पट्टी फाडली आणि म्हणाल्या, "ही समोरच्या दातांनी घट्ट धर बरं." प्रांजलनं जीव खाऊन दात आवळले. मागच्या दाढा टेकल्या, पण पुढं वरच्या आणि खालच्या दातांत बोट जाईल एवढी फट तशीच राहिली. बाईंनी पट्टी ओढली. ती वाऱ्यावरचं पान निघावं तशी निघून आली.

"घास समोरून तोडता येत नसेल तिला."

"दाढंनं तोडती," आबा म्हणाला. भाकरी मान वाकडी करून खाते म्हणून त्यानं पोरीची कितीदा टिंगल केली होती.

"अंगठा रोज तिथंच ठेवून दातांत ही फट पडलीय. अजून दुधाचे आहेत. पक्के दात आता यायला लागतील. त्याच्या आत सवय सुटली तर पुष्कळसं आपलं आपण जुळतं. नाही सुटली तर पुढं तारा लावाव्या लागतील. रागवू नका, काही कडू लावू नका. तिला साथ द्या."

एसटीत प्रांजल आबाच्या मांडीवर पेंगली. अंगठा तोंडात गेलाच. आबानं दोन बोटांनी तिचा ओठ हलकेच वर केला. उभ्या जन्मात हजार मेंढ्यांचे ओठ उचलले असतील त्यानं. हा एक राहिला होता.

घरी आल्यावर तो बयाबाईला म्हणाला, "लिंब मी धूत हुतो."

"ठावं हाय. तुमच्या हाताला साबणाचा वास जल्मात कवा आला न्हवता."

"मग बोलली का न्हाईस?"

बयाबाई चुलीतलं जळण पुढं सारत राहिली. "मला तरी कुठं धाडायची हुती तिला?"

दुसऱ्या दिवशी लिंबाचा पाला शेळीपुढं गेला. दुपारी पोर घोंगड्यावर आडवी झाली की आबा शेजारी बसायचा. "आंगठा दे मला राखायला." तो चिमुकला, चोखून पांढरा पडलेला अंगठा आपल्या मुठीत धरायचा आणि मेंढ्यांची नावं घ्यायचा. पहिले चार दिवस तिनं रडून वस्ती डोक्यावर घेतली. पाचव्या दिवशी डावा अंगठा तोंडात घातला. मग आबानं दुसरी मूठ लावली. दोन्ही हात असे अडकले की नाकावरची माशीसुद्धा त्याला हाकलता यायची नाही. मे संपत आला तेव्हा ती दोन्ही तळवे उघडे टाकून झोपायला लागली, आणि आबा मात्र रिकाम्या मुठी घेऊन तिथंच बसून राहायचा.

जूनमध्ये रविराज आणि अंकिता मोटारसायकलवरून आले. पोरीला दोघांच्या मध्ये बसवलं. नव्या दप्तरापायी ती रडलीसुद्धा नाही.

आठव्या दिवशी अंकिताचा फोन आला. "मामा, शाळंतनं आली की आबा आबा करून रडतीय. जेवत न्हाई, झोपत न्हाई. चार दिस इऊन ऱ्हावा की."

आबा पायताण घालायला उठला होता. एक पायात घातलंही. मग तसाच उंबऱ्यावर बसला.

"न्हाई येत. तू तिच्याजवळ आडवी हो. आंगठा मुठीत धर. आवळायचा न्हाई, नुसता धरायचा. आन् मेंढरांची नावं घे."

"मला कुठं ठावं हायत?"

"सांगतो. लिवून घे." आणि त्यानं चाळीसच्या चाळीस सांगितली.

फोन ठेवल्यावर बयाबाई भडकली. "दगुड हाय का काळीज तुमचं? पोर रडतीया तिकडं."

"मेंढी कोकराला चाटाया लागली की मदी हात घालायचा न्हाई. आपला वास लागला की ती परत ढुशी मारती." आबानं घातलेलं पायताण काढून ठेवलं.

त्याला दिवाळ्या दोन झाल्या. बयाबाई महिन्याकाठी कुपवाडला जाऊन येते. आबा गेला नाही. रविराज पोरीला घेऊन येतो म्हणाला, त्यालाही "आत्ता नगं" म्हणाला. गावात कुणी विचारलंच तर एसटीत मळमळतं म्हणून सांगतो, आणि ज्यांनी त्याला मोटारसायकलवरून तीन गावं हिंडवलंय ती माणसं मान हलवतात.

परवा बयाबाई परत आली तेव्हा तो डोणीवर मेंढ्या पाजत होता.

"झोपती का?"

"अंकितीच्या कुशीत. तिला मम्मी म्हंती."

मेंढ्यांचं पाणी पिऊन झालं तशी त्यानं त्या वाड्याकडं वळवल्या.

"दात?"

"फुडचे चारी आले. सरळ हायत. फट मिटली."

"माजं नाव काढती का?"

बयाबाईनं पिशवी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं. "आता न्हाई काढत."

"बरं झालं," आबा म्हणाला, आणि पाणी पिऊन झालेल्या मेंढ्या पुन्हा डोणीकडं वळवू लागला.