वहीत न लिहिलेले चहा

आधी कबुली देतो. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चार महिने मी एका वहीत रोज काय खाल्लं ते लिहीत होतो. अर्धं बिस्कीट, दोन शेंगदाणे, प्रसादाचा एक पेढा, सगळं. काय प्यायलो ते मात्र एकदाही लिहिलं नाही. आणि वजन उतरेना तेव्हा दोष बायकोच्या स्वयंपाकाला दिला. तोही चारचौघांत. लिहितोय ते खरं तर या दुसऱ्या चुकीसाठी. पहिली कुणाच्या उपयोगी पडली तर चांगलंच.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. बूट घालताना धाप लागायला लागली म्हणून तपासण्या केल्या. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "देवरे, ट्रायग्लिसराइड्स बरेच वाढलेत."

ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तात फिरणारी चरबी. सोनोग्राफीत फॅटी लिव्हरही निघालं, म्हणजे यकृतात साठलेली चरबी. साखर अजून हद्दीत होती, पण अगदी काठावर.

"दारू?" डॉक्टरांनी विचारलं.

"थेंबही नाही," मी छाती फुगवून सांगितलं. पोट आधीच फुगलेलं होतं.

"मग वजन उतरवा. दहा किलो. नाही उतरलं तर गोळ्या. डाएटिशियन मॅडमना भेटा."

डाएटिशियन म्हणजे आहार ठरवून देणारी तज्ज्ञ. या मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. त्यांनी आहाराचा कागद दिला आणि म्हणाल्या, "काका, एक वही करा. जे खाल ते वेळेसकट लिहा. महिन्या-दोन महिन्यांनी मला दाखवा." मी त्याच दिवशी वही आणली, समास आखले, पहिल्या पानावर श्री लिहिला.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या कारखान्याला लागणारे छोटे भाग अंबडमधल्याच लहान लहान वर्कशॉपमध्ये बनत. मी दिवसाला चार-पाच ठिकाणी जाऊन माल तपासायचो. गेल्या गेल्या चहा. तो घेतल्याशिवाय मोजमाप सुरू होत नसे. माल पास झाला की आनंदाचा दुसरा चहा. उन्हाळ्यात त्यात उसाचा रस, लस्सी, बाटलीतलं थंड यांची भर. आणि साहेबांचा चहा म्हणून साखर जरा सढळ हातानं. इन्स्पेक्टरनं चहा नाकारला तर मालक समजायचा की माल परत जाणार.

यातलं काही वहीत लिहावं हे मला सुचलंच नाही. लपवलं असं नाही, खरंच सुचलं नाही. आमच्या घरी संकष्टी, एकादशी, गुरुवार हे उपास लहानपणापासून. उपासाला चहा चालतो, दूध चालतं, उसाचा रस तर कितीही चालतो. त्यानं उपास मोडत नाही, म्हणजे ते खाणं नव्हे. हा हिशेब माझ्या हाडात इतका मुरला होता की डाएट हाही मी एक लांबलेला उपासच धरला. पोट रिकामं वाटलं की रस प्यायचो आणि स्वतःच्या निग्रहाचं कौतुक करायचो.

पहिल्या महिन्यात वजन अर्धा किलो वाढलं. दुसऱ्यात आणखी अर्धा.

वही निर्मळ होती. मग चूक कुठे? आयुष्यभर दुसऱ्याच्या मालातली खोट शोधलेला माणूस मी. स्वयंपाकघरात शिरलो. तेलाच्या बरणीवर मार्करनं रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. भाजीवर तवंग दिसला की ताटली उजेडात तिरकी करून बघायचो. एकदा तर कामावर माल मोजायच्या व्हर्निअरनं पोळीची जाडी मोजली.

माझी बायको सुनंदा लाटणं हातात धरून म्हणाली, "पास की रिजेक्ट?"

"थोडी जाड आहे," मी म्हणालो. मला तेव्हा हसूही आलं नाही.

एप्रिलमध्ये भाचीचा साखरपुडा होता, पंचवटीत माझ्या थोरल्या ताईच्या घरी. ताईनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, डाएट करतोस म्हणे? मग हे काय?" आणि पोटाकडे बोट दाखवलं. पाहुणे हसले. मला लाज वाटली आणि मी म्हणालो, "मी काय करणार? वही लिहून दाखवतो तुला. पण हिचा हात तेलाला सैल आहे. पोटात जातं ते हिच्या हातचंच ना?"

ताई लगेच सुरू झाली. "सुनंदा, अगं नवऱ्याचं लिव्हर गेलंय आणि तू तेल ओततेस? आमच्या आईचा स्वयंपाक आठव जरा." सुनंदा तेव्हा पाहुण्यांना भजी वाढत होती. ती माझ्या ताटलीत भजी न घालता पुढे गेली. मी हातात पन्ह्याचा ग्लास घेऊन उभा होतो. दुसरा.

दुसऱ्या दिवसापासून घरात तेल जवळपास बंद झालं. दुधी उकडून, पडवळ उकडून, भाकरी कोरडी. मी म्हणालो, "तू तुझ्यापुरतं वेगळं कर." ती म्हणाली, "दोन स्वयंपाक करायला वेळ कुणाला आहे? आणि वेगळं केलं तर उद्या म्हणाल, त्यातलं तेल उडून माझ्या ताटात आलं."

मी बाहेर गोड चहा पिऊन तग धरत होतो. ती सकाळी एका बालवाडीत शिकवायची आणि घरी येऊन तेच उकडलेलं खायची. तिची पोलकी ढिली झाली, माझी पँट घट्ट झाली. हे मला दिसत होतं. त्यातून मी काढलेला निष्कर्ष असा, की हिची प्रकृतीच वेगळी!

मे महिन्यात ती बाजारात चक्कर येऊन पडली. मी पोचलो तेव्हा भाजीवाल्या मावशी तिला पदरानं वारा घालत होत्या. मखमलाबादकडच्या, स्वतःच्या मळ्यातला माल आणणाऱ्या.

"लय वाळली बाई," त्या मला म्हणाल्या. "रोज दुधीच नेती. मी इचारलं, घरात आजारी हे का कोणी? तर म्हने, हो, मालक आजारी हायेत." मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोटावर नजर थांबली. "तुम्हीच का ते मालक?"

मी हो म्हणालो. त्यांनी दुसरीकडे तोंड करून पुन्हा वारा घालायला सुरुवात केली.

सुनंदाला दवाखान्यात दाखल केलं. हिमोग्लोबिन फार कमी निघालं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल भाग, जो शरीरभर प्राणवायू पोचवतो. डॉक्टर म्हणाले, "रक्त आधीपासून कमी असणार. त्यात हे असलं जेवण. देवरे, डाएट कुणाला सांगितलं होतं?" त्या दिवशी कॉरिडॉरच्या बाकावर बसून मी घाबरलो. स्वतःच्या रिपोर्टनं इतका कधी घाबरलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ओळखीचे लोक बघायला आले. एका वर्कशॉपचे भामरे शेठ चहाचा थर्मास घेऊन, दुसरे कुणी रसाची बाटली घेऊन. रुग्णाला सलाइन चालू होतं, त्यामुळे ते सगळं मीच घेत होतो. तिसरा कप हातात असताना डाएटिशियन मॅडम सुनंदाचा आहार ठरवायला आल्या. इतके दिवस दाखवायची राहून गेलेली वही मी अभिमानानं पुढे केली.

त्यांनी पानं उलटली. "काका, एवढंच खात असाल तर वजन वाढेल कसं?" मग माझ्या कपाकडे पाहिलं. "आणि हे कुठे लिहिता?"

"हे? हा चहा आहे."

"हो, पण लिहिता कुठे?"

"चहा कशाला लिहायचा? चहा म्हणजे काय खाणं आहे का?"

सुनंदा डोळे मिटूनच म्हणाली, "त्यांना उपासाला चालतं ते, मॅडम. वजन वाढतं ते माझ्या तेलानं."

मॅडमनी खुर्ची ओढली. "काल सकाळपासून काय काय प्यायलात, सांगा." मी सांगू लागलो. त्यांनी नर्सकडून साखरेचा डबा आणि एक स्टीलची वाटी मागवली. प्रत्येक चहाला तीन चमचे. रसाला त्याहून जास्त. बाटलीतल्या थंडाला तर त्या टाकतच राहिल्या. तेवीस चमच्यांनंतर मी मोजणं सोडलं आणि वाटी बदलावी लागली. भामरे शेठ हळूच थर्मासचं झाकण लावून उभे राहिले.

"कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ऊर्जा," मॅडम म्हणाल्या. "ती तुम्ही चावलीत की प्यायलीत, हे शरीर विचारत नाही. जास्तीची साखर लिव्हर चरबी करून साठवतं. उलट प्यायलेल्यानं पोट भरत नाही, म्हणून वर जेवता ते जेवताच. काकूंच्या तेलाचा यात काही संबंध नाही."

सुनंदानं आता डोळे उघडले होते. ती वाट्यांकडे पाहत होती. चार महिने मी जिच्या बरणीवर रेघा मारल्या ती बाई, हाताला सुई टोचलेली, आणि समोर माझ्या दोन वाट्या.

घरी आल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मला काय सांगता? मी किती तेल घालते ते मला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

"सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही. पाऊस होता, मग गणपती आले, मग नवरात्र. दोनदा ताईकडे जाऊन, इकडच्यातिकडच्या गप्पा मारून परत आलो. सुनंदानं एकदाही विचारलं नाही, आणि तेच जास्त अवघड होतं.

चहा सोडणं त्यापेक्षा सोपं निघालं, तरी अंबडमध्ये गोंधळ उडालाच. पहिल्याच दिवशी मी चहा नको म्हणालो तर भामरे शेठ पांढरे पडले. "साहेब, सांगा ना, कुठला भाग चुकला? आख्खा लॉट पुन्हा करतो." दवाखान्यात स्वतः सगळं पाहिलेला माणूस! मग मी बिनसाखरेचा कोरा चहा मागू लागलो. आठवडाभरात बातमी पसरली की देवरे साहेबांना मोठा आजार आहे. एकानं त्र्यंबकेश्वरला माझ्या नावानं अभिषेक करून अंगारा आणून दिला. मी तो कपाळाला लावला आणि त्याचे तीन भाग नापास केले.

तुमच्यापैकी कुणाला वजन उतरवायचं असेल तर एवढंच सांगतो: वहीत आधी प्यायलेलं लिहा, मग खाल्लेलं. सरबत, ताक, ज्यूस, पन्हं, दुधातलं चूर्ण, सगळं. उपासाला चालतं म्हणून वजनाला चालतं असं नाही. सुनंदानं फोडणी पुन्हा सुरू केली, खायला लागली, तिचं रक्त भरून आलं. मी तीच फोडणी खाऊन दिवाळीपर्यंत आठ किलो उतरलो. ट्रायग्लिसराइड्सही खाली आले. गोळ्या टळल्या.

भाऊबीजेला ताईकडे गेलो. साखरपुड्याला होती तीच बरीचशी मंडळी होती, भाचीच्या सासरचेही आले होते. मी पाटावर बसलो. ताईनं ओवाळलं, तबक खाली ठेवलं आणि माझ्याकडे कौतुकानं पाहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा, कसा उतरलाय माझा भाऊ! सुनंदा, मी कान उपटले म्हणून तेल कमी केलंस ना? आधीच केलं असतंस तर?"

सुनंदा दारात उभी होती. ती कसनुशी हसली आणि आत जायला वळली. माझ्या बरं होण्यानंच तिच्यावरचा आळ पक्का होत होता.

"सुनंदा, थांब," मी म्हणालो. पाटावरून उठताना धाप लागली नाही. "ताई, हिनं तेल कमी केलं म्हणून मी उतरलेलो नाही. हिनं कधी जास्त घातलंच नव्हतं. माझं वजन बाहेरच्या गोड चहानं आणि रसानं वाढलं होतं, दिवसाला दहा-बारा वेळा. याच घरात, तुम्हा सगळ्यांसमोर मी हिला नाव ठेवलं. ते खोटं होतं. त्या खोट्यापायी ही उपाशी राहून दवाखान्यात पडली, आणि तरीही मी सहा महिने तोंड उघडलं नाही."

ताई काहीतरी बोलणार होती. मी हात वर केला आणि दाराकडे वळलो.

"सुनंदा, माझं चुकलं. मला माफ कर."